कोकराच्या अंगीं काय लागतें?

मूल पानावर बसतें, वाढलेलें सगळें संपवितें, आणि तरी अंगीं कांहीं लागत नाहीं, ही घरोघरच्या आयांची जुनी तक्रार आहे. शेजारचें मूल तेवढ्याच वेळांत जेवून उठतें आणि चांगलें बाळसें धरतें. खाणें आणि अंगीं लागणें यांच्या मध्यें कोठें तरी एक दार आहे व तें सर्वांना सारखें उघडत नाहीं, एवढें अनुभवानें सर्वांस ठाऊक असतें. परंतु मनुष्याच्या बाबतींत तें दार नेमकें दाखवून देणें कठीण. कोकराच्या बाबतींत मात्र तें बोटानें दाखवितां येतें आणि त्याचें मापहि सांगतां येतें. तें माप सुमारें एक मिलिमीटर आहे.

वाळलेल्या गवतावर किंवा पिकाच्या काडावर क्षाराची अथवा अमोनियाची प्रक्रिया करून तें कोकरांपुढें टाकलें, तर त्यांच्या खाण्याच्या रीतींत काय फरक पडतो आणि त्या फरकाचा त्यांच्या वाढीशीं कोणता संबंध असतो, हा प्रश्न वरवर पाहतां गोठ्यापुरता दिसतो. शहरांतल्या घरीं त्याचें काय काम, असेंहि कोणी विचारील. पण धान्य माणसाचें आणि काड जनावराचें ही शेतीइतकीच जुनी वांटणी आहे. आणि जनावराच्या वांट्याला आलेल्या काडाचा निम्म्याच्या आसपास भाग पोटांत जाऊनहि न पचतां बाहेर पडतो. दूध, मांस आणि लोंकर यांच्या किंमतींत या वायां गेलेल्या भागाचाहि हिशेब धरलेला असतो, मग गिऱ्हाइकाला तो दिसो वा न दिसो.

मेंढीचा दिवस कसा जातो हें आधीं पाहिलें पाहिजे. वाळलेल्या चाऱ्यावर असलेली प्रौढ मेंढी २४ तासांतले साधारणतः ४ ते ६ तास प्रत्यक्ष खाण्यांत आणि ८-९ तास रवंथ करण्यांत घालविते. खातांना ती अन्न फारसें बारीक करीत नाहीं. घांस अर्धवट चावून तो पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत, म्हणजे कोठीपोटांत, ढकलून देते. मग निवांत बसून तोच माल थोडाथोडा तोंडांत परत आणते, मिनिटभर चघळते, गिळते, आणि पुढचा घांस वर आणते. दिवसाकांठीं असे सुमारें ५०० घांस होतात आणि चाव्यांची संख्या ४०,००० च्या आसपास जाते. गिरणींतल्या मजुराला लाजवील असा हा उद्योग आहे. पण गिरणीप्रमाणेंच त्यालाहि पाळीची मर्यादा आहे. रवंथ १० तासांपलीकडे सहसा जात नाहीं. चारा कितीहि निकृष्ट असो, जबडा त्याहून फारसा अधिक राबत नाहीं.

इतके कष्ट कशासाठीं, तर त्या दारासाठीं. कोठीपोटांतून पुढच्या कप्प्यांकडे जाणारें द्वार स्वतः कांहीं फार अरुंद नसतें. परंतु त्याच्या अलीकडे लांब गवताचा जाड थर तरंगत असतो व तो गाळणीचें काम करतो. सुमारें एक मिलिमीटरहून मोठा कण त्या गाळणींतून क्वचितच पुढें सरकतो. कणांचे तुकडे करण्याचें काम मुख्यतः दांतांचें. कोठीपोटांतले कोट्यवधि सूक्ष्म जंतु त्याच वेळीं कण आंतून पोखरून ठिसूळ करीत असतात. गवतांतील सेल्युलोज पचविणारा रस मेंढीच्या अंगांत मुळींच नाहीं. जंतु तें आंबवितात, त्यांतून सौम्य आम्लें निघतात, आणि त्या आम्लांवर मेंढी जगते. परंतु वनस्पति जून होतांना तिच्या तंतूंत लिग्निन नांवाचें काष्ठद्रव्य भरत जातें. तें जेथें चिकटून बसतें तेथें जंतूंना शिरकाव मिळत नाहीं, आणि जंतूंनीं न पोखरलेला कण दांतांनाहि लवकर दाद देत नाहीं. परिणामीं निकृष्ट काड खाणाऱ्या जनावराची स्थिति मोठी चमत्कारिक होते. त्याचें पोट भरलेलें असतें आणि जीव उपाशी असतो.

ही केवळ अलंकारिक भाषा नव्हे. स्कॉटलंडमध्यें एअर या शहराजवळ हॅना संशोधन संस्था होती. तेथें केनेथ ब्लॅक्स्टर आणि त्यांचे सहकारी यांनीं मेंढ्यांवर केलेले प्रयोग १९६१ सालीं प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या प्रतींचें वाळलेलें गवत मेंढ्यांना हवें तितकें खाऊं दिलें होतें. अन्न हलकें असेल तर तें अधिक खाऊन भरपाई करावी, अशी कोणाचीहि स्वाभाविक अपेक्षा. घडलें नेमकें उलट. गवत जितकें चांगलें तितकें तें अधिक खाल्लें गेलें, जितकें निकृष्ट तितकें कमी. आणि मेंढ्यांच्या पोटांत सांठलेला कोरडा माल मात्र सर्व बाबतींत जवळजवळ सारखाच भरला. म्हणजे मेंढी गवत खाणें थांबविते तें भूक भागली म्हणून नव्हे, तर जागा संपली म्हणून. जागा रिकामी होण्याचा वेग हाच तिच्या भुकेचा खरा मालक. धान्याच्या खुराकावर असलेल्या जनावराचा नियम वेगळा असतो, पण तो येथें प्रस्तुत नाहीं.

हें गणित कळण्याच्या पुष्कळ आधींच लोकांनीं उपाय शोधावयास आरंभ केला होता. जर्मनींत फ्रान्झ लेहमन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काड क्षाराबरोबर दाबाखालीं उकळून पाहिलें. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मनीची नाकेबंदी झाली, धान्याची व वैरणीची टंचाई पडली, आणि अर्न्स्ट बेकमन या रसायनशास्त्रज्ञानें न उकळतां काम साधणारी रीत काढली. काड कॉस्टिक सोड्याच्या सौम्य, म्हणजे शेंकडा दीड प्रमाणाच्या, द्रावणांत भिजत टाकावयाचें, नंतर भरपूर पाण्यानें धुवावयाचें, आणि ओलेंच जनावरांपुढें टाकावयाचें. जें काड शेंकडा ४५ च्या आसपास पचत होतें तें या रीतीनें शेंकडा ७० पर्यंत पचूं लागलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आणि नंतरहि कित्येक वर्षें नॉर्वेंतील शेतकऱ्यांनीं ही रीत वापरली. तिच्यांत दोष दोन: किलोभर काडाला धुण्यासाठींच बादल्या बादल्या पाणी लागे, आणि त्या पाण्याबरोबर काडांतला विरघळणारा चांगला अंशहि वाहून जाऊन जवळचे ओढे नासत. म्हणून १९७० नंतरच्या दशकांत नॉर्वेंतच अमोनियाची कोरडी रीत पुढें आली. काडाची गंजी प्लास्टिकच्या कापडानें घट्ट झांकून तींत वजनाच्या शेंकडा तीन इतका अमोनिया वायु सोडावयाचा व कित्येक आठवडे ती तशीच राहूं द्यावयाची. उष्ण देशांत वायूच्या टाक्या कोठून आणावयाच्या? तेथें युरियानें तेंच काम होतें. युरियाचें पाणी काडावर शिंपडून तें झांकून ठेवलें कीं काडावरचे जंतु युरियाचें विघटन करतात आणि अमोनिया आंतल्या आंत तयार होतो.

क्षार काडाला काय करतो, हें स्वयंपाकघरांत समजण्यासारखें आहे. जुने हरभरे शिजत नसले कीं गृहिणी भिजत घालतांना चिमूटभर सोडा टाकते, आणि हटवादी दाणाहि मऊ येतो. काडांतली रासायनिक घटना हुबेहूब तीच नव्हे; काडांत क्षार लिग्निन व हेमिसेल्युलोज यांच्यामधले दुवे तोडतो. त्यामुळें तंतु फुगतात, पाणी शोषतात, मऊ पडतात आणि जंतूंना आंत जाण्यास वाट मिळते. लिग्निन नाहींसें होत नाहीं, त्याची पकड ढिली होते इतकेंच.

आतां मुख्य प्रश्नाकडे यावयाचें. असें काड किंवा गवत खाणाऱ्या कोकरांच्या वागण्यांत काय बदलतें? हें ठरविण्याची जुनी रीत मोठी चिकाटीची आहे. सबंध अहोरात्र, रात्रीं मंद दिव्याच्या उजेडांत, दर पांच मिनिटांनीं एकेका कोकराकडे पाहून तें खातें आहे, रवंथ करतें आहे, कीं स्वस्थ आहे याची खूण करावयाची. एका कोकरामागें एका दिवसाच्या २८८ खुणा होतात. अलीकडे कानांतल्या बिल्ल्यावरून कोकरूं ओळखणाऱ्या आणि खालीं काटा बसविलेल्या गव्हाणी निघाल्या आहेत; कोणत्या कोकरानें किती वेळां तोंड घातलें व दर खेपेस किती ग्रॅम उचललें हें त्या आपोआप टिपतात. पण वहींतली खूण काय अन् यंत्राचा आंकडा काय, त्याचा अर्थ लावतांना एक घोटाळा हमखास होतो.

तो घोटाळा असा. एकाच गव्हाणीवरच्या, एकच वैरण खाणाऱ्या कोकरांची आपापसांत तुलना केली, तर अधिक वेळ खाणारें कोकरूं बहुधा अधिक खातें आणि बहुधा अधिक वाढतें. यावरून खाण्याचा वेळ म्हणजे वाढीचें माप, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु दोन निराळ्या वैरणींची तुलना केली कीं चित्र पालटतें. जून, प्रक्रिया न केलेल्या गवतावरच्या कोकराला किलोभर गवतामागें सर्वांत अधिक वेळ चावावें लागतें, आणि तेंच सर्वांत कमी वाढतें. प्रक्रिया केलेल्या गवतावरचें कोकरूं गव्हाणीशीं जवळजवळ तेवढाच वेळ उभें असलें तरी मिनिटाला अधिक ग्रॅम उचलतें. रवंथाचे एकूण तास फारसे बदलले नाहींत तरी किलोमागची रवंथ कमी होते. जबड्याची पाळी तीच, पण पाळींत दळून निघणारा माल अधिक. म्हणजे पहावयाचें तें किती वेळ खाल्लें हें नव्हे. एक किलो गवत दारापलीकडे जाईपर्यंत त्याला किती चावे लागले, हें पहावयाचें. मिनिटें मोजणारा निरीक्षक आणि ग्रॅम मोजणारा निरीक्षक एकाच गोठ्यांतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष घेऊन बाहेर पडूं शकतात. ज्याच्या वहींत मिनिटें आणि ग्रॅम शेजारीं शेजारीं लिहिलेले आहेत त्यालाच खरी हकीकत सांपडते.

आणखी एक गोष्ट या खुणांत दिसते. मेंढी निवडून खाणारी आहे. तिचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला व चपळ असतो; त्यानें ती पानें टिपते आणि जाड दांडे मागें ठेवते. निकृष्ट गवतावर कोकराचा पुष्कळसा वेळ या निवडण्यांतच जातो. दांडे मऊ झाले कीं निवडीचें कारण कमी होतें आणि गव्हाणींत उरणारा चघाळहि बहुधा घटतो. गव्हाण तोकडी असेल तर मात्र हा सगळा विचार निरुपयोगी ठरतो. धीट कोकरें पुढें घुसतात, भित्रीं मागें राहून उरलेले दांडे खातात, आणि मग वजनांतला फरक गवतामुळें नव्हे तर धक्काबुक्कीमुळें पडलेला असतो.

वाढीवर होणारा परिणाम खाण्याच्या वाढीपेक्षां इतका मोठा कां दिसतो, हें समजण्यास संसाराचा जमाखर्च उपयोगी पडेल. समजा, साधें काड कोकराच्या पोटांत १०० भाग जातें आणि त्यांतले ४५ पचतात. प्रक्रियेनें खाणें पंचमांशानें वाढलें आणि पचनाचें प्रमाण शेंकडा ५५ झालें, तर पोटांत १२० भाग जाऊन ६६ पचतील. आवक दीडपटीच्या जवळ आली. पण कोकराला श्वास घेणें, ऊब राखणें, चालणें, चावणें यांसाठीं रोजचा ठराविक खर्च आहेच. तो ४० भाग धरला, तर पूर्वीं शिल्लक ५ उरत होती, ती आतां २६ झाली. घरभाडें आणि वाणसामान भागल्यावर जें उरतें तेवढेंच पेढींत जातें. कोकराची वाढ म्हणजे तें पेढींत गेलेलें. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत, आणि प्रत्यक्षांत पाचपट वाढ पदरीं पडत नाहीं. कारण चाऱ्याच्या शक्तीचें मांसांत रूपांतर होतांना बरीच गळती होते. तथापि खर्चाची रेषा ओलांडतांच प्रत्येक जादा घांसाचें मोल कसें वाढतें, हें त्यांवरून ध्यानांत यावें.

अमोनियाच्या बाबतींत हिशेबांत एक दुसरा लाभहि मिसळलेला असतो. जंतूंनाहि अन्न लागतें, आणि त्यांना नायट्रोजन हवा असतो. काडांत प्रथिनाचें प्रमाण शेंकडा ३-४ एवढेंच. तें शेंकडा ७ च्या खालीं असलें कीं जंतूंची उपासमार होते, काड पोटांत रेंगाळतें आणि खाणें आणखीच घटतें. अमोनियाचा कांहीं अंश काडांत अडकून हें प्रमाण दुपटीच्या आसपास नेतो. मग वाढ झाली ती तंतु मऊ झाल्यामुळें, कीं जंतूंना खत मिळाल्यामुळें? प्रामाणिक प्रयोगांत म्हणून तिसरा गट ठेवावा लागतो: साधेंच काड, पण खाऊं घालतांना त्यावर तेवढाच नायट्रोजन देईल इतका युरिया शिंपडलेला. पहिल्या आणि तिसऱ्या गटांतला फरक जंतूंच्या पोटापाण्याचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांतला फरक मऊपणाचा. असा तिसरा गट ज्यांत नाहीं, त्या प्रयोगाच्या गर्जनेवर फारसा विश्वास ठेवूं नये. शिवाय वाढत्या कोकराला जंतूंपासून मिळणारीं प्रथिनें नेहमींच पुरतात असें नाहीं. मूठभर शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड बरोबर दिली कीं मगच प्रक्रियेचा खर्च फळाला येतो.

कोकरूं लहान असेल तर यांतलें कांहींच लागू पडत नाहीं. नवजात कोकराचें कोठीपोट नाममात्र असतें; चौथा कप्पा सर्वांत मोठा, आणि दूध एका पन्हळीवाटे थेट त्यांतच उतरतें. दोन-तीन आठवड्यांचें झालें म्हणजे तें आईच्या गव्हाणींतलें पान कुरतडूं लागतें, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास त्याच्या पोटाची ठेवण मोठ्या मेंढीसारखी होत येते. या अवधींत गवतानें कोठीपोटाचा आकार व स्नायु वाढतात, धान्यानें त्याच्या आंतल्या अस्तराला शोषणाची शक्ति येते. लहान प्राण्याची गरज त्याच्या वजनाच्या मानानें मोठी आणि पोट मात्र वजनाएवढेंच. म्हणून दूध सुटल्यावरहि पहिले कांहीं आठवडे नुसत्या काडावर, मग तें कितीहि मुरविलेलें असो, कोकरूं ठेवणें म्हणजे त्याची वाढ खुंटविणेंच होय. प्रक्रिया केलेली वैरण ही जरा मोठ्या, दूध तुटलेल्या कोकराची वैरण आहे.

येथें एक धोका सांगितलाच पाहिजे. काडावर जर इतका गुण येतो, तर उत्तम हिरव्या वळणाच्या, गोड गवतावर प्रक्रिया केल्यास सोन्याला सुगंध येईल, असें एखाद्या उत्साही शेतकऱ्याला वाटणें शक्य आहे. पाश्चात्य देशांत कित्येकांनीं तसें केलें आणि त्यांचीं गुरें एकाएकीं बेभान होऊन धावूं लागलीं, कुंपणांवर आदळलीं, आंचके येऊन पडलीं. गवतांतली साखर आणि अमोनिया यांचा उष्णतेंत संयोग होऊन मेथिल-इमिडॅझोल वर्गाचें विष बनतें, आणि तें दुधांतूनहि उतरतें; गाय वरून धड दिसत असतां तिचें वासरूं झटके देऊं लागलें, असेंहि घडलें आहे. तेव्हां प्रक्रिया करावयाची ती साखर नसलेल्या जून काडावर. चांगलें गवत तसेंच घालावें. त्याचप्रमाणें न मुरलेला युरिया कोकराच्या पोटांत एकदम गेला तर तोहि प्राणघातक ठरतो. म्हणून शिंपडतांना ढीग नीट कालवला पाहिजे आणि युरियाचें पाणी जनावराच्या तोंडीं लागतां कामा नये.

दख्खनच्या पठारावरच्या धनगरांना ही सगळी विद्या फारशी उपयोगाची नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल. त्यांचे कळप चरण्यावर जगतात, पाऊस सरला कीं वाटेला लागतात, आणि गव्हाण त्यांच्या बिऱ्हाडांत नसते. परंतु चराऊ रानें आक्रसत आहेत आणि कोकरें बंदिस्त ठेवून वाढविणारीं घरें वाढत आहेत. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतल्या गॅरोल मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली आहे. एका आईच्या दुधाला दोन तोंडें लागलीं म्हणजे दूध लवकर अपुरें पडतें, आणि दूध तुटल्यानंतरच्या वैरणीचा प्रश्न कोकरागणिक वाढतो.

ज्वारीचा कडबा मुळांतच बरा, त्याला प्रक्रियेची निकड कमी. गव्हाचें काड आणि कोंकण-मावळांतला भाताचा पेंढा हें तिचें खरें क्षेत्र. प्रमाण सोपें आहे: १०० किलो काडाला ४ किलो युरिया, सुमारें ५० लिटर पाण्यांत विरघळवून. थर देऊन शिंपडावें, तुडवून दाबावें, हवा जाणार नाहीं असें झांकावें आणि २१ दिवस उघडूं नये. उघडल्यावर दिवसभर वाऱ्यावर पसरावें, म्हणजे डोळ्यांना झोंबणारा अमोनिया उडून जातो. वास नवा असल्यामुळें कोकरें पहिले कांहीं दिवस नाक मुरडतात. साध्या काडांत थोडें थोडें मिसळून तें वाढवीत न्यावें लागतें.

इतकी सोपी रीत असूनहि भारतांत शेतकऱ्यांनीं ती मोठ्या प्रमाणावर उचललेली नाहीं, आणि त्याचें कारण अज्ञान असें सांगणारे तज्ज्ञ बहुधा स्वतः काड तुडवावयास गेलेले नसतात. युरियाला पैसे पडतात, कापडाला पैसे पडतात, माणसांचे दिवस मोडतात. सर्वांत अडचण पाण्याची. काडावर कोकरें जगविण्याची वेळ चैत्र-वैशाखांत येते, आणि त्या वेळीं कित्येक गांवांना पिण्याचें पाणीहि टँकरनें येत असतें. तेथें टनभर काडामागें ५०० लिटर पाणी मागणार कोणाकडे? म्हणून ज्यांना हें साधतें ते गहू निघतांच, विहिरीला पाणी आहे तोंवरच, काड मुरवून ठेवतात. झांकण न उघडतां ठेवल्यास तें पावसाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतें.